उबदार जमिनीचे गणित

हिवाळ्यात जेथे घराबाहेरचे पाणी गोठून जाते, त्या देशांत जमिनीखालून ऊब देण्याची युक्ती फार जुनी आहे. प्राचीन रोमन लोक स्नानगृहांच्या फरशीखाली पोकळी ठेवून तीतून भट्टीची तप्त हवा खेळवीत. कोरियातील ‘ओन्दोल’ घरांत चुलीचा धूर जमिनीखालून नेत. जर्मनीतील अनेक नव्या घरांत हेच काम आता फरशीखाली अंथरलेल्या प्लास्टिकच्या नळीतून वाहणारे पाणी करते. हे पाणी कढत नसते. बहुधा ३५ ते ४५ अंश सेंटिग्रेड एवढेच. बसाउठावयाच्या खोलीची जमीन २९ अंशांहून अधिक तापू नये, असा युरोपातील दंडक आहे.

आता गणिताकडे वळू. नळीचे पदर एकमेकांपासून १५ सेंटिमीटरांवर टाकले, तर एक चौरस मीटर जागेस किती नळी लागेल? १ ला ०.१५ ने भागावे. उत्तर सुमारे ६.७ मीटर. म्हणजे ५ मीटर लांब व ४ मीटर रुंद खोलीस सुमारे १३३ मीटर नळी हवी. शिवाय ज्या पेटीतून निरनिराळ्या खोल्यांस पाणी वाटले जाते, ती ६ मीटर दूर असेल, तर जाण्यायेण्याचे १२ मीटर आणखी. एकूण १४५.

परंतु १४५ मीटरांचा एकच फेरा चालत नाही. १६ मिलिमीटर जाडीच्या नळीचा फेरा साधारणतः १०० मीटरांच्या आत ठेवतात. याचे कारण मोठे मौजेचे आहे. फेरा दुप्पट लांब केला, की तो दुप्पट जागा तापवू लागतो. तेव्हा शेवटच्या टोकाशी पाणी फार निवू नये म्हणून पाणीही दुप्पट सोडावे लागते. वेग दुप्पट झाला, की दर मीटरमागे घर्षण साडेतीन ते चार पट होते, आणि मीटर तर आधीच दुप्पट झालेले! पंपाला लावावा लागणारा दाब अशा रीतीने सात-आठ पट वाढतो.

म्हणून दोन फेरे करावयाचे. मात्र १४५ चे निम्मे साडेबाहत्तर असे लिहिणाऱ्यास पूर्ण गुण मिळणार नाहीत! प्रत्येक फेऱ्यास जाण्यायेण्याचे १२ मीटर स्वतंत्र लागतात. उत्तर सुमारे ७९ मीटर. फेरे शक्यतो सारख्या लांबीचे असावेत, कारण पाणी सुलभ वाटेने अधिक धावते, आणि आखूड फेरा लांब फेऱ्याचा वाटा पळवितो. न्हाणीघराचा फेरा आखूडच राहावयाचा. तेथे झडप थोडी आवळून पाणी रोखतात.

ही आकडेमोड कागदावर आधीच पुरी करावी लागते. फरशीखाली सांधा ठेवणे टाळतात, म्हणून प्रत्येक फेरा अखंड नळीचा असतो; चार मीटर कमी पडले, तर सारी नळी पुन्हा उचलावी लागते. वर सिमेंटचा थर पडल्यावर तर तेही शक्य नाही. थर घालण्यापूर्वी नळीत दाबाने पाणी भरून गळती तपासतात, आणि नळ्यांच्या मार्गाचा नकाशा घरमालकाकडे देतात. पुढे कोणी जमिनीत खिळा ठोकू लागला, तर आधी तो पाहावयाचा.