एक गोळी, दोन विषाणू

दसरा झाला की वडवणी तालुक्यातली अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात. त्यांच्यात कोणी एचआयव्हीबाधित असेल, तर कोयत्यासोबत औषधही न विसरता न्यायला हवे.

एचआयव्हीवर सरकारी एआरटी केंद्रांत 2004 पासून मोफत उपचार मिळतात. सध्या बहुतेक प्रौढांना टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅविर अशी तीन औषधे एकाच गोळीत, रोज एकदा देतात. त्यांतली पहिली दोन यकृत पोखरणाऱ्या हिपॅटायटिस बी विषाणूलाही रोखतात, कारण दोन्ही विषाणू वाढण्यासाठी एकाच प्रकारचे विकर वापरतात आणि ही औषधे तेच अडवतात.

पण या औषधांनी विषाणू शरीरातून पूर्ण जात नाही, फक्त दबून राहतो. गोळ्या सुटल्या की एचआयव्ही पुन्हा वाढतो, औषधाला दाद न देणारा होऊ शकतो. हिपॅटायटिस बी असलेल्यांच्या यकृताला अचानक तीव्र सूजही येऊ शकते.

म्हणून गाव सोडण्याआधीच केंद्रावर सांगा. जास्त दिवसांच्या गोळ्या किंवा कामाच्या ठिकाणाजवळच्या केंद्रातून औषध मिळण्याची सोय विचारा. अडचण आल्यास 1097 ही मोफत हेल्पलाइन आहे. आणि हिपॅटायटिस बी मुळातच टाळण्यासाठी बाळांना त्याची लस जन्मल्यापासून 24 तासांत द्यायलाच हवी.