विडी न ओढणाऱ्या बाईची धाप

पन्नाशी-साठीची बाई धाप लागते म्हणून सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत येते. केसपेपरवर ‘धूम्रपान : नाही’ असे लिहिले जाते, खाली ‘दमा’ असे निदान पडते आणि रांग पुढे सरकते. आणखी एक प्रश्न विचारला, तर उत्तर साधारण ठरलेले असते.

“मावशी, स्वयंपाक कशावर करता?”

“गॅस हाय की. भाकऱ्या तेवढ्या चुलीवर, अन् अंघोळीचं पाणी.”

“कधीपासून?”

“लगीन झाल्यापासनं.”

म्हणजे रोजचे चार तास, अशी चाळीस वर्षे. हा गुणाकार आम्ही खरोखरच करतो. सिगारेटचा हिशेब जसा पाकिटे गुणिले वर्षे, तसा चुलीचा तास गुणिले वर्षे. या बाईचा आकडा 160 येतो. मेक्सिकोतल्या डॉक्टरांनी 1996 मध्ये हाच हिशेब मांडला होता. ज्या बायकांचा आकडा 200 च्या वर होता, त्यांच्यात जुनाट खोकला-कफाचे प्रमाण कैक पटींनी जास्त आढळले.

सीओपीडी या आजारात श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात, फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या झिजतात. दम्यात त्रास येतो-जातो आणि मधल्या काळात माणूस बरा असतो. सीओपीडीत तसे होत नाही. चढ चढताना लागणारी धाप दरवर्षी थोडी थोडी जवळ येते. वैद्यकाच्या पुस्तकात हा आजार सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाचा. आपल्याकडे मात्र डॉ. एस. पद्मावती यांनी 1959 मध्येच दिल्लीतल्या 127 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. फुप्फुसाच्या आजारामुळे हृदयाची उजवी बाजू थकलेले हे रुग्ण. विडी-सिगारेट पुरुषांच्या हाती असूनही या आजारात बायका मागे नव्हत्या, तेव्हा संशय चुलीवर गेला. पुढे 2009 मध्ये पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र मांडले. सीओपीडीच्या 25 ते 45 टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेले नसते, हा त्यांचा अंदाज गाजला.

इथवर सगळे सरळ वाटते. पण 2018 मध्ये श्वसनविकारांवरच्या एकाच अमेरिकी नियतकालिकात दोन मोठे अभ्यास आले आणि दोघांचे निष्कर्ष उलटे होते. एकाने गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या 13 ठिकाणची बारा हजारांवर माणसे तपासली. घरातल्या धुरात राहणाऱ्यांना सीओपीडीची शक्यता सुमारे 41 टक्क्यांनी जास्त दिसली. दुसरा ‘बोल्ड’ नावाच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचा. त्यात 25 ठिकाणची अठरा हजारांहून अधिक माणसे होती आणि लाकूड-शेण्या-कोळसा वापरण्याचा श्वासनलिकांच्या अडथळ्याशी संबंधच सापडला नाही.

हे कसे? मला पटणारे पहिले कारण मोजमापातले आहे. स्पायरोमेट्रीत रुग्ण जोरात फुंकर मारतो. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा भागिले एकूण हवा, हे गुणोत्तर 0.70 च्या खाली गेले की अडथळा आहे असे म्हणायचे. पण लहानपणी अर्धपोटी वाढलेल्या बाईचे फुप्फुसच छोटे असते. तिच्यात वरचा आकडाही कमी आणि खालचाही कमी, त्यामुळे भागाकार चांगला दिसतो. बाई धापा टाकते आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. दुसरे कारण प्रश्नातले. ‘चूल वापरली का, हो की नाही’ एवढेच विचारले, तर अंगणात चूल मांडणारी आणि बिनखिडकीच्या खोपटात फुंकणी मारणारी एकाच रकान्यात जाते.

तरीही ‘बोल्ड’वाल्यांना झटकून टाकता येणार नाही. सगळे खापर चुलीवर फोडायची आपल्याला सवय लागली होती. जुना क्षयरोग श्वासनलिका अरुंद करून जातो, आणि आमच्याकडे धाप घेऊन येणाऱ्या कितीतरी जणींनी कधीतरी टीबीचा कोर्स घेतलेला असतो. ते विचारायचे राहून जाते.

दुसरा वाद गॅसचा. ‘हॅपिन’ या चाचणीत तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडातल्या 3200 गर्भवती घेतल्या. चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले. एका गटाला दीड वर्ष शेगडी आणि सिलिंडर फुकट. बाईच्या श्वासात जाणारे सूक्ष्म कण घनमीटरला 70 मायक्रोग्रॅमच्या आसपास होते, ते 24 पर्यंत उतरले. घट मोठी होती. पण बाळाचे जन्मवजन वाढले नाही आणि पहिल्या वर्षातला गंभीर न्यूमोनियाही कमी झाला नाही. त्याआधी मलावीतही सुधारित चुलींची चाचणी अशीच निष्फळ ठरली होती.

यावरून ‘गॅसने काही होत नाही’ असा अर्थ काढणे मला मान्य नाही. गॅस पोहोचला तो दिवस गेल्यानंतर. त्याआधीची वीस-पंचवीस वर्षे त्या आईने धुरातच काढली होती. शिवाय सीओपीडी व्हायला तीस वर्षे लागतात. दीड वर्षाची चाचणी त्याबद्दल काही सांगूच शकत नाही. चीनच्या ग्वांगडाँगमध्ये नऊ वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा बायोगॅस घेतलेल्या आणि स्वयंपाकघरात हवा खेळती केलेल्या घरांत फुप्फुसाची घसरण मंदावली होती. अर्थात तिथे चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. ज्यांनी बदल केला ते मुळातच जरा जागरूक किंवा सुस्थितीतले असू शकतात. पण दिशा मला खरी वाटते.

उपचारांचे कोडे मात्र याहून अवघड, आणि त्याची चर्चा कमी. इनहेलरच्या ज्या चाचण्यांवर आमची प्रिस्क्रिप्शने उभी आहेत, त्यांतल्या ‘टॉर्च’ (2007) आणि ‘अपलिफ्ट’ (2008) या दोन्हींमध्ये प्रवेशाची अट होती : रोज एक पाकीट याप्रमाणे किमान दहा वर्षांचे धूम्रपान. आमची मावशी तिथे दारातूनच परत गेली असती. तिचा आजारही थोडा वेगळा आहे. मेक्सिकोतल्या पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यात चुलीच्या धुराने आजारी पडलेल्या बायकांची फुप्फुसे धूम्रपान करणाऱ्यांपेक्षा सावकाश उतरताना दिसली. त्यांच्यात पिशव्यांची झीज कमी आणि बारीक नळ्यांचे नुकसान जास्त असते. ‘गोल्ड’ या जागतिक मार्गदर्शिकेने 2023 मध्ये धूर-प्रदूषणाच्या सीओपीडीला वेगळे नाव दिले, हे उशिरा का होईना बरे झाले.

तोवर मी काय करतो? श्वासनलिका सैल करणारा, दीर्घकाळ टिकणारा इनहेलर आधी, स्पेसर लावून, आणि समोर ओढायला लावून. निम्म्या जणी तो चुकीचा ओढतात. स्टेरॉइडचा इनहेलर सरसकट देत नाही. ‘टॉर्च’मध्येच त्याने न्यूमोनिया वाढला होता आणि आपला मुलूख टीबीचा. दम्याची लक्षणे मिसळलेली असतील किंवा रक्तात इओसिनोफिल वाढलेले असतील, तर देतो. थिओफायलिनची गोळी स्वस्त म्हणून गावोगाव चालते. ब्रिटनमधल्या 2018 च्या चाचणीत तिच्या कमी डोसाने आजाराचे झटके कमी झाले नाहीत. वर्षानुवर्षे तोंडाने घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी साखर चढते, हाडे ठिसूळ होतात. त्या मागून घेऊ नका. चालू असतील तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना दाखवून उतरवा.

चुलीवरच्या भाकरीवरून मी घरात भांडण लावत नाही. पाण्याची चूल आधी घराबाहेर काढायला सांगतो, कारण सर्वांत ओले लाकूड, पाचट आणि प्लास्टिकचे तुकडे तिथेच जळतात. बहुतेक घरांत हे ऐकले जाते.