भडकल गेट: मलिक अंबरच्या विजयाचा दरवाजा आणि चारशे वर्षांचं राजकारण

आपल्या शहराला दरवाज्यांचं शहर म्हणतात. एकूण बावन्न दरवाजे होते असं घरातली बुजुर्ग मंडळी सांगतात. त्यातले डझनभराच्या आसपास आज उभे आहेत. रोज आपण त्यांच्या शेजारून रिक्षा, टू-व्हीलर काढतो. पण "हे दरवाजे कुणी बांधले?" असं वर्गात विचारलं, की बहुतेक मुलं एका सुरात उत्तर देतात: औरंगजेबाने.

हे उत्तर अर्धंच खरं आहे, आणि सध्याच्या दिवसांत ते महागात पडतं. शहराची सगळी तारीख एकाच बादशहाच्या खात्यावर जमा झाली, की त्या बादशहावरचा राग शहरावर आणि इथल्या मुसलमानांवर निघतो. म्हणून टाऊन हॉलजवळच्या भडकल गेटची हकीकत प्रत्येक घरात माहीत असायला हवी.

गुलाम ते वजीर

भडकल गेट हा शहरातला सर्वांत जुना दरवाजा. तो 1612 मध्ये मलिक अंबरने बांधला. औरंगजेबाचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. तो 1618 चा.

मलिक अंबर मूळचा आजच्या इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमध्ये मालक बदलला, आणि पुढे दख्खनमध्ये अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेज खान याच्याकडे आला. हा चंगेज खानही हबशीच होता. त्याच्या मृत्यूनंतर अंबर गुलामीतून सुटला, शिपाईगिरी करत वर चढला. 1600 मध्ये मुघलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. निजामशाही संपली असं सगळ्यांना वाटलं, तेव्हा अंबरने निजामशाही घराण्यातल्या मुर्तजाला गादीवर बसवलं आणि राज्य पुन्हा उभं केलं. 1610 मध्ये त्याने खडकी या गावी राजधानी वसवली. तेच आपलं शहर.

विजय कुणावरचा?

हा दरवाजा मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधला गेला. त्याच सुमारास बादशहा जहांगीरच्या फौजा दोन बाजूंनी दख्खनवर चालून आल्या होत्या. गुजरातकडून आलेला अब्दुल्ला खान दुसऱ्या फौजेची वाट न पाहता पुढे घुसला. अंबरच्या घोडेस्वारांनी समोरासमोर लढाई टाळली, रसद तोडली, पिछाडीवर छापे मारले. अब्दुल्ला खानाला गुजरातकडे पळावं लागलं.

या फौजेत हबशी होते, दख्खनी मुसलमान होते आणि मोठ्या संख्येने मराठे होते. गनिमी कावा म्हणून जी युद्धपद्धत आपण पुढे शिवाजी महाराजांच्या काळात वाचतो, ती या मुलखात अंबरच्या काळी जोमात होती. वेरूळचे मालोजी भोसले निजामशाहीचेच सरदार. त्यांचे चिरंजीव शहाजीराजे 1624 मध्ये भातवडीच्या लढाईत अंबरच्या बाजूने लढले. शहाजी आणि शरीफजी ही दोन्ही भावांची नावं अहमदनगरचे सूफी शाह शरीफ यांच्यावरून ठेवली गेली, असं सांगतात.

म्हणजे एका बाजूला मुसलमान बादशहा, दुसऱ्या बाजूला मुसलमान वजीर आणि त्याच्या सोबतीला मराठा सरदार. ही लढाई मजहबची नव्हती. आग्र्याहून हुकूम येणार की दख्खन आपला कारभार आपण पाहणार, हा सवाल होता. 1616 मध्ये अंबरचेच काही मराठा आणि हबशी सरदार मुघलांना जाऊन मिळाले, जालन्याजवळ रोशनगावला त्याचा पराभव झाला आणि मुघल फौजेने खडकी जाळली. फितुरीलाही धर्म नव्हता.

नावं बदलली, दरवाजा राहिला

1626 मध्ये अंबरचा इंतकाल झाला. मुलगा फतेह खान याने शहराला फतेहनगर नाव दिलं. 1633 मध्ये दौलताबाद मुघलांच्या हाती गेलं. 1653 मध्ये शहजादा औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला आणि शहर औरंगाबाद झालं. मराठ्यांच्या स्वाऱ्या वाढल्या, तेव्हा 1682 मध्ये त्याने शहराभोवती तटबंदी घातली. दिल्ली गेट, पैठण गेट, मकाई गेट ही नावं या तटबंदीशी जोडलेली आहेत. भडकल गेट मात्र तिच्याही सत्तर वर्षं आधीचं. आणि ज्या दरवाज्यावर मुघलांच्या पराभवाची आठवण होती, तो मुघलांनी ठेवला. पुढे निजाम आले. 1763 मध्ये त्यांची राजधानी हैदराबादला गेली. 1948 मध्ये संस्थान भारतात आलं. दरवाजा तिथेच होता.

आज भडकल गेटपाशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. 14 एप्रिल आणि 6 डिसेंबरला इथे गर्दी लोटते. बाबासाहेबांनी 1950 मध्ये या शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. मराठवाडा विद्यापीठाला त्यांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने 1978 मध्ये केला. त्यावर दलितांची घरं जळाली, माणसं मारली गेली, आणि नामविस्ताराला 14 जानेवारी 1994 उजाडावं लागलं. एका नावासाठी सोळा वर्षं लागली. गुलामीतून वर आलेल्या माणसाच्या दरवाज्याजवळ बाबासाहेबांचा पुतळा असणं आम्हाला शोभून दिसतं.

शहराच्या नावाचा वाद

1988 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांनी संभाजीनगर या नावाची घोषणा केली. 1995 मध्ये युती सरकारने नामांतराचं पाऊल उचललं, प्रकरण कोर्टात गेलं, 2001 मध्ये सरकारने निर्णय मागे घेतला. 2022 मध्ये आधी महाविकास आघाडीने आणि मग शिंदे सरकारने ठराव केला, फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्राने मंजुरी दिली आणि मे 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या.

छत्रपती संभाजी महाराजांना औरंगजेबाने 1689 मध्ये हाल करून मारलं, हे सत्य आहे. मराठी माणसाच्या मनातलं ते दुःख आपल्या मुलांनाही कळायला हवं. त्याच वेळी जुनं नाव ज्यांच्या दाखल्यांवर, दुकानांच्या पाट्यांवर, बापजाद्यांच्या आठवणीत आहे, त्यांची हळहळ म्हणजे औरंगजेबाची तरफदारी नव्हे. हा फरक शांतपणे सांगता यायला हवा. मार्च 2025 मध्ये खुलताबादच्या कबरीवरून वाद पेटला, तेव्हा तो सांगणारी माणसं कमी पडली.

मुलांना काय सांगायचं?

सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन आधी भडकल गेट पाहा. तटाच्या दरवाज्यासारखं नाही, कमानी आणि खांबांचं हे बांधकाम स्वागताच्या दिमाखाचं आहे, हे दाखवा. नहर-ए-अंबरीचं नाव सांगा. मातीच्या नळांतून शहरात पाणी आणणारी ही योजना अंबरचीच. मग खुलताबादला जा. तिथे औरंगजेबाची साधी, उघडी कबर आहे आणि त्याच गावात मलिक अंबरचा मकबरा आहे. दोन्ही पाहा. तिथून जवळच वेरूळ आहे, भोसल्यांचं गाव, तिथेही जा.

घरी आल्यावर या गोष्टी मुलांकडून वहीत लिहून घ्या: 1610, खडकी, 1612, भडकल गेट, बांधणारा मलिक अंबर, लढणारे हबशी, दख्खनी आणि मराठे. पुढच्या वेळी कुणी त्यांना "हे शहर कुणाचं?" असं विचारलं, तर त्यांनी भांडू नये. ही तारीख सांगावी.