साखळी-करवतीचा कार्ब्युरेटर : घरच्या घरी सफाई व जुळणी

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले आणि आंबा, नारळ व सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. अशा वेळी कोयता-कुऱ्हाड अपुरी पडते व पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत किती उपयोगाची ठरते, हे बागायतदारांस वेगळे सांगावयास नको. उंच वाढलेल्या जुन्या आंब्यांचे पुनरुज्जीवन करताना मोठ्या फांद्या छाटण्यासही हे यंत्र सोयीचे आहे. मात्र ते वर्षातील थोडेच दिवस राबते आणि उरलेले महिने पडवीत पडून असते. ऐन गरजेच्या वेळी ते सुरू होत नाही, तेव्हा सर्व दोष कार्ब्युरेटरच्या माथी मारला जातो व पेचकस घेऊन त्याचे स्क्रू फिरविले जातात. यातूनच पुढे पिस्टन जळतो. कार्ब्युरेटरच्या आतील पडदे व गास्केट यांचा संच अल्प किमतीत मिळतो. पिस्टन व सिलिंडर बदलण्याचा खर्च मात्र नव्या यंत्राचा विचार करावयास लावणारा असतो. म्हणून आधी सफाई आणि सर्वांत शेवटी स्क्रू, हा क्रम सोडू नये.

मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरमध्ये तरंगणारा फ्लोट असतो. करवत आडवी-तिरपी, प्रसंगी उलटीही धरावी लागत असल्याने तिच्यात फ्लोट चालत नाही. त्याऐवजी दोन पातळ पडदे असतात. एक पडदा इंजिनाच्या आतील दाबाच्या धक्क्यांनी हलतो व टाकीतून इंधन ओढतो. दुसरा पडदा एका लहान तरफेच्या साह्याने सुई-झडप उघडतो व मिटतो आणि इंजिनास लागेल तेवढेच इंधन आत येऊ देतो. हे पडदे ताठर झाले अथवा सुईखाली कचरा अडकला की यंत्र सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन लगेच बंद पडते.

कार्ब्युरेटर उघडण्यापूर्वी सोप्या गोष्टी पाहून घ्याव्यात. हवेची गाळणी भुश्याने भरली आहे काय? टाकीतील इंधनाची गाळणी काळी पडली आहे काय? स्पार्क प्लग ओला वा काजळलेला आहे काय? टाकीचे झाकण किंचित सैल केल्यावर यंत्र नीट चालू लागले, तर टाकीत हवा येण्याचे छिद्र बुजले आहे असे समजावे. धुराड्याच्या तोंडावरील बारीक जाळी काजळीने बंद झाली तरी यंत्राचा जोर जातो. निम्म्याहून अधिक तक्रारी येथेच मिटल्या तर नवल वाटावयास नको.

एवढे करूनही दोष राहिला तर कार्ब्युरेटर काढावा. काम चुलीपासून दूर, मोकळ्या हवेत करावे व प्रथम प्लगची वायर काढून ठेवावी. प्रत्येक भाग सुटा करण्यापूर्वी मोबाइलवर त्याचे छायाचित्र घ्यावे. गास्केट व पडदे यांचा क्रम चुकला तर सर्व श्रम वाया जातात. पंपाच्या बाजूचे झाकण काढल्यावर आत एक बारीक जाळी दिसते. ती पुष्कळदा चिकट थराने बुजलेली असते. दुसऱ्या बाजूस सुई-झडप असते. तिचे टोक झिजलेले असल्यास सुई बदलावी. तरफ मात्र वाकवू नये, कारण तिची उंची प्रत्येक बनावटीत निराळी असते.

एल व एच या दोन्ही स्क्रूंच्या मूळ जागा मोजून, म्हणजे ते अलगद पूर्ण आत जाईपर्यंत किती फेरे बसतात हे लिहून ठेवून, मगच ते काढावेत. धातूचा भाग ताज्या पेट्रोलने वा कार्ब्युरेटर-क्लीनरने धुवावा. रबरी भागांस क्लीनर लावू नये. छिद्रांत तार घालू नये, त्याने मापाचे छिद्र कायमचे मोठे होते. सायकलच्या पंपाची हवा पुरेशी असते, मात्र पडदे जागेवर असताना हवा मारू नये.

जुळणीसाठी स्वच्छ गाळणी, धारदार साखळी व ताजे मिश्रण आवश्यक आहे. दोन्ही स्क्रू लिहून ठेवलेल्या जागी आणावेत. नोंद नसल्यास पुस्तिकेतील फेरे पाहावेत. अनेक करवतींत ते प्रारंभी एक फेऱ्याच्या आसपास असतात. करवत सपाट जमिनीवर ठेवावी, पाते कशासही टेकू नये व जवळ कोणी उभे राहू नये. यंत्र दोन-तीन मिनिटे तापू द्यावे. एल स्क्रू मंद गतीचा. तो हळूहळू फिरवून इंजिन सर्वांत वेगाने फिरेल ती जागा शोधावी व तेथून सुमारे अष्टमांश फेरा बाहेर, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने, सोडावा. नंतर एलए अथवा टी स्क्रूने मंद गती अशी ठेवावी की इंजिन बंद पडणार नाही, पण साखळी जागची हलणार नाही. मंद गतीत साखळी फिरत राहणे हा अपघातास निमंत्रण देणारा दोष आहे.

एच स्क्रू पूर्ण वेगाचा, आणि खरी हानी येथेच होते. तो आत फिरविला की इंधन कमी होते, आवाज चढतो, यंत्रात जोर आल्यासारखा वाटतो. वस्तुतः अशा वेळी इंधनाबरोबर तेलही कमी पोहोचते व पिस्टन तापून चरे पडतात. मोकळे असताना पूर्ण वेगात आवाज थोडा फडफडता असावा व लाकडात उतरल्यावर तो स्वच्छ व्हावा. मोकळेपणी कर्कश किंचाळणारे यंत्र ताबडतोब थांबवून स्क्रू बाहेर सोडावा. मोकळ्या करवतीस पूर्ण वेगात काही क्षणांहून अधिक ठेवू नये. स्क्रू जुळवूनही गती आपोआप चढ-उतार करीत असेल तर कोठूनतरी हवा आत शिरत आहे; अशी करवत कारागिराकडेच न्यावी.

सफाई वारंवार का करावी लागते, याचे उत्तर बहुधा इंधनात सापडते. २०२५ पर्यंत देशातील पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. अनेक करवत-उत्पादक आपल्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच मान्यता देतात. इथेनॉलमुळे मिश्रण किंचित विरळ होते, म्हणून जुन्या पेट्रोलवर जुळविलेला एच स्क्रू पुन्हा तपासावा. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. कोकणातील पावसाळ्यात अर्धा भरलेला डबा तसाच राहिला तर पाणी व इथेनॉल यांचा थर तळाशी बसतो. त्यात तेल नीट मिसळलेले नसते, आणि टाकीतील गाळणी नेमकी तळाशीच असते. थोडे मिश्रण काचेच्या बाटलीत घेऊन पाहावे. दोन थर दिसले तर ते करवतीत घालू नये.

५० भागांस १ भाग तेल सांगितले असेल तर एक लिटर पेट्रोलात २० मिलिलिटर, २५ भागांस १ सांगितले असेल तर ४० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल मोजून घालावे. महिन्याभरात संपेल तेवढेच मिश्रण करावे. हंगाम संपताच टाकी रिकामी करून इंजिन मंद गतीवर आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. पडद्यांचा संच आणावयास जाताना कार्ब्युरेटरच्या अंगावर कोरलेला क्रमांक लिहून न्यावा, कारण एकाच करवतीवर निरनिराळ्या बनावटीचे कार्ब्युरेटर आढळतात.