एका पावडरीच्या दोन किमती

आम्लपित्तावरचे रॅनिटिडीन आपल्याकडे ‘झिनेटॅक’ या नावाने घरोघरी पोचले. कॅनडात ते ‘झॅन्टॅक’ म्हणून विकले जाई. १९९० ते १९९३ या काळात ग्लॅक्सोची कॅनडातली कंपनी त्याची पावडर किलोला १,५१२ ते १,६५१ डॉलर मोजून घेत होती. त्याच देशातल्या जेनेरिक कंपन्यांना ती १९४ ते ३०४ डॉलरला मिळत होती. औषधी घटक मात्र दोन्हींत एकच!

महाग पावडर विकणारी स्वित्झर्लंडमधली अ‍ॅडेक्सा ही ग्लॅक्सो समूहातलीच. माल बनायचा सिंगापूरला, तोही समूहाच्याच कारखान्यात. एकाच मालकीच्या कंपन्यांनी आपापसात लावलेला असा दर म्हणजे हस्तांतरण किंमत. खरेदीदर चढवला की कॅनडातला करपात्र नफा घटतो आणि तो नफा दुसऱ्या देशात दिसू लागतो. त्यामुळे करदरांतला फरक सर्वांत आधी नजरेत भरतो. पण दर ठरवताना ओढाताण अनेक बाजूंनी होते, आणि या विषयातले खरे नवल तेच आहे. आयातशुल्क मालाच्या मूल्यावर असेल, तर चढ्या दरावर शुल्कही जास्त पडते. उपकंपनीत बाहेरचे भागधारक असतील, तर फुगवलेल्या दराची झळ त्यांनाही बसते. ग्लॅक्सोने तर हिशेब उलट्या टोकाने मांडला होता: कॅनडातल्या कंपनीच्या हाती सुमारे ६० टक्के ढोबळ नफा राहावा हे आधी ठरले, आणि पावडरीचा दर त्यावरून निघाला.

स्वतंत्र खरेदीदाराने किती मोजले असते, हे ठरवायला कॅनडाच्या करखात्याने जेनेरिक कंपन्यांचा दर प्रमाण मानला. २००८ मध्ये कर न्यायालयानेही बव्हंशी तेच उचलून धरले. पण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये वेगळाच मुद्दा पुढे आणला. ग्लॅक्सो कॅनडाचा मूळ समूहाशी परवाना करार होता. ६ टक्के रॉयल्टीच्या बदल्यात तिला ‘झॅन्टॅक’ हे नाव, पेटंटचे हक्क आणि तांत्रिक मदत मिळत होती. समूहाचीच पावडर घेतल्याशिवाय ते नाव वापरता येत नव्हते, आणि चढी किरकोळ किंमत मिळत होती ती त्या नावामुळेच. त्यामुळे करार बाजूला ठेवून नुसत्या पावडरीची तुलना न्यायालयाला मान्य झाली नाही. मला हा निर्णय पटतो, कारण स्वतंत्र खरेदीदारानेही घासाघीस करताना हे हक्क मोजले असते.

वाजवी दर किती, हे मात्र सर्वोच्च न्यायालयाने ठरवले नाही. एकच अचूक आकडा मिळणे दुर्मीळ, तेव्हा थोडी मोकळीक द्यावी लागते, असे सांगून त्याने प्रकरण कर न्यायालयाकडे परत पाठवले. २०१५ मध्ये दोन्ही पक्षांनी ते आपसात मिटवले.