छोले : क्रम आणि कारण

पंजाब, हरियाणा आणि दिल्ली या भागांत छोले हा रोजच्या जेवणातील तसाच सणसमारंभातील पदार्थ आहे. भटुरे, कुलचे, पुरी किंवा भात यांच्याबरोबर तो आवडीने खाल्ला जातो. मराठी कुटुंबांतही तो आता परका राहिलेला नाही. तरीही घरचे छोले पुष्कळदा बिघडतात. दाणे टणक राहतात, रस्सा पाणचट होतो किंवा तिखट झोंबते. पण चव लागत नाही. हा दोष हाताचा नसून बहुधा क्रमाचा असतो.

छोल्यांसाठी मोठे, फिकट रंगाचे काबुली चणे वापरतात. एक वाटी चणे तीन-चार वाट्या पाण्यात आठ ते दहा तास भिजवावेत. भिजल्यावर त्यांचे वजन जवळजवळ दुप्पट होते. भिजवलेले पाणी टाकून दिल्यास पोटात वायू निर्माण करणाऱ्या शर्करेचा काही अंश निघून जातो.

दाण्यातील पेशी पेक्टिन नावाच्या द्रव्याने परस्परांना जोडलेल्या असतात. शिजताना ते विरघळते आणि दाणा मऊ होतो. आंबट पदार्थांमुळे ही क्रिया मंदावते. म्हणूनच टोमॅटो, चिंच किंवा आमचूर आधी घातल्यास चणे मऊ व्हायला फार वेळ लागतो आणि इंधन मात्र खर्ची पडते. चिमूटभर खाण्याच्या सोड्याने दाणे लवकर शिजतात. परंतु तो अधिक झाल्यास चव बिघडते आणि ब-१ जीवनसत्त्वाचा नाश होतो. प्रेशर कुकरमध्ये तापमान सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत जाते, त्यामुळे वेळ वाचतो. चणे शिजताना चहाच्या पत्तीची किंवा वाळलेल्या आवळ्यांची पुरचुंडी पाण्यात सोडल्यास छोल्यांना परिचित गडद रंग येतो.

मसाल्याचे तंत्रही समजून घेण्यासारखे आहे. तेलात जिरे, कांदा, आले आणि लसूण परतून मग मंद आचेवर लाल तिखट, धनेपूड व गरम मसाला घालावा. मिरचीतील तिखट द्रव्य तेलात विरघळते, पाण्यात फारसे नाही; त्यामुळे तेलात परतलेले तिखट सगळ्या रश्शात सारखे पसरते. तोंड भाजल्यास पाण्यापेक्षा दह्याने लवकर आराम पडतो, तो दह्यातील स्निग्धांश व प्रथिने यांमुळे. ही मिरची मूळची भारतीय नव्हे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत ती अमेरिका खंडातून येथे आली. तत्पूर्वी भारतीय स्वयंपाकात तिखटपणासाठी मुख्यतः मिरी, पिंपळी व आले यांचा उपयोग होई.

मसाल्याला तेल सुटल्यावर टोमॅटो घालून तो शिजवावा. नंतर शिजलेले चणे त्यांच्या पाण्यासह घालावेत. मूठभर दाणे ठेचून मिसळल्यास त्यांतील पिष्टामुळे रस्सा दाट होतो. दहा-पंधरा मिनिटे उकळी आल्यावर शेवटी आमचूर किंवा अनारदाण्याची पूड घालावी.

चण्यातील प्रथिने आणि गहू-तांदळातील प्रथिने एकमेकांची उणीव भरून काढतात. म्हणून छोले-पोळी किंवा छोले-भात हे साध्या खर्चात मिळणारे सकस अन्न ठरते. कृती पाठ केली म्हणजे एक पदार्थ येतो. तिच्यामागील कारण उमगले म्हणजे चवळी, राजमा, वाटाणा अशा अनेक कडधान्यांचे पदार्थ साधतात.