अर्धवट सोडता न येणारं गोंदण

सामोआतला तरुण पेआ गोंदवून घ्यायला चटईवर पालथा पडतो, तेव्हा सुरुवात पाठीपासून होते आणि शेवट बेंबीशी. मधल्या दिवसांत कमरेच्या वरपासून गुडघ्यांपर्यंतची जवळजवळ सगळी कातडी काळी होते. मांड्या, नितंब, जांघा, काहीच सुटत नाही. रोज काही तास याप्रमाणे दहा-बारा दिवस हे काम चालतं. जखमा भरण्यासाठी खंड पडला तर आठवडेच्या आठवडे जातात. कुणी वेदना सहन न होऊन मधेच उठला, तर त्याच्या अंगावर राहतो तो 'तुटका' पेआ. त्याची लाज त्याच्याबरोबर त्याच्या घराण्यालाही लागते. म्हणून पेआ सुरू करण्याचा निर्णय कुणी एकट्यानं, सहज लहर आली म्हणून घेत नाही.

पॅसिफिक महासागरातल्या या बेटांवर गोंदण ही हौस नाही, ते एक देणं आहे. हे लक्षात घेतलं तरच मिशनऱ्यांच्या विरोधातूनही ही विद्या सामोआत कशी तगली, याचा उलगडा होतो.

आधी पारंपरिक हत्यारं पाहू. रानडुकराच्या सुळ्याची पातळ पट्टी घासून तिला फणीसारखे दात पाडायचे. ती फणी कासवाच्या कवचाच्या तुकड्यावर बांधायची आणि तो तुकडा लाकडी दांड्याला काटकोनात, म्हणजे छोट्या कुदळीसारखं हत्यार तयार होतं. बारीक रेघांसाठी अरुंद फणी, काळा रंग भरायला रुंद. दुसऱ्या हातात एक लाकडी दांडकं असतं. फणी काजळीत बुडवून कातडीवर टेकवायची आणि दांडक्यानं तिच्यावर ठोके द्यायचे. ही काजळी एका तेलबियांच्या झाडाची फळं जाळून धरतात. ठोक्यांचा वेग इतका असतो की ऐकणाऱ्याला एक सलग ताल जाणवतो. दोन्ही बाजूंना बसलेले मदतनीस कातडी ताणून धरतात आणि रक्त पुसत राहतात. कातडी सैल राहिली की रेघ बिघडते, त्यामुळे त्यांचं काम गोंदणाऱ्याच्या कामाइतकंच नाजूक. बहुतेक वेळा आधी रेखाटन केलेलं नसतं. समोरच्या माणसाच्या अंगाची ठेवण पाहून कारागीर डोळ्यांनीच अंतरं मोजतो.

या कारागिराला तुफुंगा म्हणतात. हाच किताब घर बांधणाऱ्या आणि होडी घडवणाऱ्या कसबी माणसांनाही असतो. हे नातं पेआवरच्या आकृत्यांतही उतरलं आहे. पाठीवरची आडवी काळी आकृती ही होडी. कुशीवरून वळत गेलेल्या समांतर रेघा म्हणजे घराच्या छपराचे वासे. बाकीच्या आकृत्या आसपासच्या जगातून आलेल्या: गोम, सुरवंट, सुरय पक्षी, शंख, झोपताना मानेखाली घ्यायच्या लाकडी उशीचे पाय. पेआ म्हणजे मोठं वटवाघूळ. पंख मिटून लटकलेल्या वटवाघळाच्या काळ्या अंगासारखं हे गोंदण दिसतं. पीटर बक उर्फ ते रांगी हिरोआ या माओरी विद्वानानं 1930 साली सामोआच्या वस्तुसंस्कृतीवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या आकृत्यांची बारकाईनं नोंद आहे. घर बांधणाऱ्या तुफुंगाचा मान राखला गेला नाही, तर तो घर अर्धवट टाकून निघून जाई आणि दुसरा कुणी ते हाती घेत नसे, ही प्रथाही जुन्या अभ्यासकांनी टिपून ठेवली आहे. गोंदणाऱ्या तुफुंगाशीही घराणी तशीच जपून वागतात. त्याचा मोबदला म्हणजे नुसती मजुरी नव्हे. त्यात अन्न, पैसे आणि विशेष करून 'इए' नावाच्या अतिशय तलम चटया येतात. बायका महिनोन्‌महिने बसून त्या विणतात. या विणकामाला 2019 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. एकाच्या अंगावरच्या गोंदणासाठी साऱ्या नातलगांना हात लावावा लागतो, असा हा व्यवहार आहे.

बायकांचं गोंदण वेगळं. त्याला मालू म्हणतात. मांड्यांच्या वरच्या भागापासून गुडघ्यांच्या जरा खालपर्यंत, विरळ, नाजूक नक्षी. गुडघ्याच्या मागच्या खळग्यात चौकटीच्या आकाराची एक आकृती असते. तिचंही नाव मालू. हे गोंदण येताजाता मिरवायचं नसतं. समारंभात आव्हा हे पेय तयार करताना किंवा प्रमुखाची मुलगी नाचताना वस्त्र थोडं वर सरकतं, तेव्हा ते दिसतं. पुरुषांनी मालू घ्यायचं नाही आणि बायकांनी पेआ घ्यायचा नाही, हा दंडक आजही पाळला जातो.

ही विद्या आली कुठून, याची एक सुंदर कथा सांगतात. तायमा आणि तिलाफाइंगा या एकमेकींना जोडलेल्या जुळ्या बहिणी फिजी बेटांवर गोंदण शिकल्या आणि हत्यारं घेऊन पोहत सामोआकडे निघाल्या. बायकांना गोंदावं, पुरुषांना नको, असं गाणं त्या वाटेत म्हणत होत्या. सावाई बेटाच्या फालेआलुपो गावाजवळ त्यांना समुद्राच्या तळाशी एक मोठा शिंपला दिसला. त्यासाठी त्यांनी बुडी मारली. वर आल्या तेव्हा गाणं उलटं झालं होतं: पुरुषांना गोंदावं, बायकांना नको. पुढे ज्या घराण्यांना त्यांनी ही विद्या दिली, त्यांत सूआ हे नाव सर्वांत मोठं. ही कथा रचणाऱ्यांची नजर किती तीक्ष्ण होती, हे मला फार जाणवतं. फिजीत खरोखरच बायकाच बायकांना गोंदत. दोन शेजारी समाजांतला खराखुरा फरक या कथेनं एका बुडीत सांगून टाकला आहे.

पुरावे कथेपेक्षा मागे जातात. टोंगाच्या मुख्य बेटावर 1963 साली उत्खननात हाडाच्या चार गोंदणफण्या सापडल्या होत्या. त्या सुमारे 2,700 वर्षं जुन्या असल्याचं 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आलं. म्हणजे आजचा तुफुंगा जे हत्यार हातात धरतो, त्याची घडण अडीच हजार वर्षांहून जुनी आहे.

युरोपीय जहाजं 1722 मध्ये प्रथम इथं पोचली. डच दर्यावर्दी रोखेवेन याच्या ताफ्यातल्या लोकांना लांबून वाटलं, या माणसांनी रेशमी तंग विजारी घातल्या आहेत. हा गैरसमज खरं तर सत्याच्या जवळ जाणारा होता. सामोआच्या दृष्टीनं पेआ हे वस्त्रच आहे. तो अंगावर असलेला माणूस कपड्यांविनाही उघडा नसतो. कादंबरीकार आल्बर्ट वेंट यांनी 1990च्या दशकात लिहिलेल्या एका गाजलेल्या निबंधात हाच धागा धरून वसाहतवादानंतरच्या शरीराचा विचार मांडला.

मिशनरी आले ते 1830 मध्ये. लंडन मिशनरी सोसायटीचे जॉन विल्यम्स सावाई बेटावर उतरले. धर्मांतराचा वेग मोठा होता, आणि नव्या चर्चला गोंदण मुळीच मान्य नव्हतं. ताहितीत, टोंगात, फिजीत या दडपणाखाली ही कला मोडून पडली. सामोआत ती आकसली, काही भागांत बंदही पडली, पण धागा तुटला नाही. याचं श्रेय काही जण एकेका जिद्दी कारागिराला देतात. मला ते अपुरं वाटतं. सामोआत प्रत्येक घराण्याचा एक प्रमुख असतो, त्याला मताई म्हणतात. त्याची सेवा करणं हे तरुणाचं पहिलं कर्तव्य, आणि सत्तेची वाट सेवेतून जाते ही तिथली सर्वांत मोलाची समजूत. पेआ हा त्या सेवेला तयार असल्याचा जाहीर दाखला. मताईंची व्यवस्था, चटयांची देवघेव आणि सूआसारखी घराणी या तिन्ही गोष्टी मिशनऱ्यांना मोडता आल्या नाहीत. त्या उभ्या राहिल्या म्हणून गोंदणही उभं राहिलं. नंतर अनेक सामोअन माणसं चर्चमध्येही गेली आणि पेआही घेत राहिली.

तरी वाट सोपी नव्हती. रॉबर्ट फ्लाहर्टी यांनी सावाईवरच्या साफुने गावी चित्रित केलेला 'मोआना' 1926 मध्ये प्रदर्शित झाला. त्याचा कळस म्हणजे नायकाचं गोंदण. त्या भागात प्रथा मागे पडत चालली होती, तेव्हा हे गोंदण मुद्दाम चित्रपटासाठी करून घेतलं गेलं. वेदना मात्र खरी होती. या चित्रपटाच्या परीक्षणात जॉन ग्रिअरसन यांनी 'डॉक्युमेंटरी' हा शब्द वापरला आणि तो पुढे साऱ्या जगानं उचलला.

दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो सामोअन कुटुंबं कामासाठी न्यूझीलंडला गेली आणि ऑकलंडच्या उपनगरांतल्या दिवाणखान्यांत, गॅरेजांत चटया अंथरल्या गेल्या. तिथं सूआ सुलूआपे पाउलो दुसरे या तुफुंगानं मोठं आणि वादग्रस्त काम केलं. त्यांनी परक्यांनाही पेआ दिला. चित्रकार टोनी फोमिसन हे त्यांतले एक, काळ साधारण 1979चा. मार्क अॅडम्स या छायाचित्रकारानं ही दृश्यं टिपली. नाराज सामोअनांचं म्हणणं असं की घराणं नाही, मताई नाही, मग सेवा कुणाची? हा प्रश्न रास्त आहे. पण पाउलोंनी चटईवर बसवलेला परका सगळी वेदना सोसून, सगळे नियम पाळून उठत होता. ते 1999 मध्ये गेले. त्यांचे भाऊ आलाइवाआ पेतेलो यांनी सामोआतून ही परंपरा पुढे नेली, आणि याच घराण्याच्या मदतीनं टोंगातलं बुजलेलं गोंदणही पुन्हा सुरू झालं. आता फण्या पोलादाच्या असतात, निर्जंतुक केल्या जातात. जंतुसंसर्गाचा धोका खरा असल्यामुळे न्यूझीलंडच्या आरोग्य खात्यानं 2010 मध्ये पारंपरिक गोंदणासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. हा बदल स्वागतार्हच म्हणायला हवा.

कंपन्यांनी केलं ते पाउलोंच्या कामाच्या अगदी उलट. नाइकेनं 2013 मध्ये पेआची नक्षी छापलेल्या तंग विजारी बाजारात आणल्या, त्याही बायकांसाठी. डिस्नेनं 2016 मध्ये लहान मुलांसाठी गोंदणाचा अंगरखा काढला. लोक खवळले, दोन्ही वस्तू मागे घ्याव्या लागल्या. इथं राग नक्कल केल्याचा नव्हता. जे सोसून, देणं फेडून मिळतं, ते पैसे टाकून अंगावर चढवता आणि काढता येतं, याचा होता.

पेआचं काम पुरं झालं की सामांगा हा विधी होतो. डोक्यावर अंडं फोडतात आणि ताज्या गोंदणाला खोबरेल तेलात कालवलेली हळद चोळतात. आपल्याकडे नवरदेवाला लागते तीच हळद. या लोकांचे पूर्वज आग्नेय आशियातून होड्यांतून निघाले, तेव्हा तिची रोपं त्यांनी बरोबर नेली. त्या दिवसापासून हा तरुण 'सोंगाइमिती' होतो. मताईंच्या बैठकीत पुढे होऊन आव्हा वाढण्याचा मान आणि जबाबदारी त्याच्याकडे येते. गोंदवताना बहुधा त्याचा एक जोडीदार असतो. दोघं आळीपाळीनं चटईवर येतात. त्या दिवसांत त्यांना एकटं सोडत नाहीत, रात्री तर मुळीच नाही. घरातली माणसं डोकं मांडीवर घेतात, गाणी म्हणतात, वारा घालतात.

मुंबई, पुणे, गोव्याच्या टॅटू स्टुडिओंत हल्ली 'पॉलिनेशियन' नक्षीची मागणी चांगली आहे. ड्वेन जॉन्सनच्या छातीखांद्यावरचं गोंदण पाहून अनेक तरुण ती मागतात. ते गोंदण पेआ नव्हे. पेआ होता तो त्याचे आजोबा, कुस्तीगीर पीटर माइव्हिया यांच्या अंगावर. पॅसिफिकच्या सर्वसाधारण शैलीत नवी नक्षी काढून घ्यायला हरकत नसावी. पण कमरेपासून गुडघ्यांपर्यंतचा पेआ किंवा गुडघ्यामागचं मालू कॅटलॉगमधून उचलू नका. कलाकारानं ते सुचवलं तर नाही म्हणा, आणि का ते त्यालाही सांगा.